अंगाला बसणारा वेटसूट

मी एडिनबरात राहते आणि शहराच्या पूर्वेला पोर्टोबेलोचा किनारा आहे, तिथे पोहते. ही फर्थ ऑफ फोर्थची खाडी. पाणी ऑगस्टअखेर कसंबसं १४-१५ अंशांवर येतं आणि फेब्रुवारीत ५-६ वर उतरतं. इथल्या कितीतरी बायका नुसत्या पोहण्याच्या कपड्यात उतरतात, आठ-दहा मिनिटं पाण्यात राहतात आणि बाहेर येऊन थर्मासमधला चहा पितात. तो प्रकार मलाही आवडतो. पण मी सांगलीची. कृष्णेत पाठीला डबा बांधून पोहायला शिकले, आणि डबा सुटल्यावर पैलतीर गाठून परत यायची सवय लागली. अर्धा-पाऊण तास सलग हात मारल्याशिवाय मला पोहल्याचं समाधान होत नाही. १२ अंशांच्या पाण्यात तेवढा वेळ काढायचा तर माझ्या शरीराला वेटसूट, म्हणजे अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख, लागतो. शिवाय इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या विंडरमिअर तळ्यात दर जूनला 'ग्रेट नॉर्थ स्विम' भरते, तिथला एक मैल मला पोहायचा होता.

वेटसूट म्हणजे पळवाट, असं मानणारी मंडळी इथे भेटतात. इंग्लिश खाडीच्या नियमांत वेटसूट बसत नाही हे खरंच आहे; साधा पोशाख, टोपी, गॉगल आणि अंगाला ग्रीस, एवढ्यावर ती पोहायची. १९५९ साली आरती साहांनी ती तशीच पार केली आणि असं करणाऱ्या त्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. त्यांच्याविषयी मला अपार आदर आहे. पण माझी इच्छा साधी होती: एप्रिल ते नोव्हेंबर, मनसोक्त, काठाकाठानं लांब पोहायचं. त्यासाठी रबर चढवण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

सूट शोधायला लागल्यावर आधी तो काम कसा करतो हे समजून घेतलं, आणि त्याचा पुढे फार उपयोग झाला. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं अंगातली उष्णता ओढून नेतं. वेटसूट ज्याचा असतो ते निओप्रीन हे फेसाळ रबर. त्यात वायूचे बारीक बंद बुडबुडे असतात आणि ऊब राखतात ते हेच बुडबुडे. सुटात शिरलेलं पाणी अंगानं तापतं आणि ते आपल्याला ऊब देतं, असं अनेकजण सांगतात. प्रत्यक्षात ते पाणी तापवायला आपलीच उष्णता खर्च होते. थोडं पाणी शिरून जागच्या जागी राहिलं तर नुकसान कमी. पण सूट कुठे सैल असेल, तर प्रत्येक हाताबरोबर जुनं पाणी बाहेर, नवं गार पाणी आत, असा पंप चालू राहतो. मग सूट ५ मिलिमीटरचा असो की ३ चा, हुडहुडी भरतेच. म्हणजे जाडीच्या आधी माप.

आणि मापाचाच तर सगळा प्रश्न. १९५२ च्या सुमाराला कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञानं निओप्रीनचा सूट तयार केला तो अमेरिकी नौदलातल्या, पाण्याखाली उतरणाऱ्या जवानांसाठी. ज्यांच्या अंगावर तो चढणार होता ते सगळे पुरुष होते. बायकांचे सूट आता दुकानात वेगळे टांगलेले असतात, पण त्यातले काही हातात घेऊन पाहिले की कळतं, पुरुषांचाच आराखडा लहान केलाय, छातीला थोडी जागा दिलीय आणि कडेला जांभळी पट्टी लावलीय. माझ्यासारख्या पाच फूट एक इंच उंचीच्या, दोन बाळंतपणं झालेल्या, कमरेखाली भरलेल्या बाईचा विचार त्या आराखड्यात कुठेच नसतो.

सुरुवात एका मैत्रिणीच्या जुन्या सर्फिंगच्या सुटानं झाली. तिनं तो प्रेमानं दिला होता. किनाऱ्यावर तो मला घट्ट वाटला, दंडांत तर चांगलाच आवळत होता. पाण्यात गेल्यावर मात्र पाठीच्या खळग्यात, कमरेच्या जरा वर, वाटीभर पाणी साठलं. दर वेळी हात पुढे टाकला की मानेपासून तिथपर्यंत गार धार उतरायची. पंधरा मिनिटांत बोटं बधिर झाली. खांदे तर इतके भरून आले की दुसऱ्या दिवशी केस विंचरताना हात वर जाईना.

सूट घट्ट असूनही पाणी साठलं, कारण तो भलतीकडे घट्ट होता. आम्हा बायकांची कंबर आत जाते आणि नितंब बाहेर येतात, त्यामुळे पाठीला खोल वळण असतं. सरळ कापलेलं पाठीचं कापड त्या वळणावरून पुलासारखं ताणून जातं आणि खाली पोकळी राहते. एक माप लहान घेतलं तरी पोकळी जात नाही. छाती दबते, श्वास अडतो आणि पोकळी आहे तिथेच राहते. ही गोष्ट मला दुकानात कुणी सांगितली नाही. "सैल वाटतोय ना, मग एक माप खाली जा," हाच सल्ला सगळीकडे मिळाला.

सर्फिंगच्या सुटाला आतून-बाहेरून नायलॉनचं अस्तर असतं. तो दणकट असतो, बोर्डवर घासला तरी फाटत नाही. त्याच्यावर ३/२ किंवा ४/३ लिहिलेलं असतं: धडाला ३ मिलिमीटर आणि हातापायांना २, किंवा ४ आणि ३. पोहण्याचा सूट वेगळा. त्याला बाहेरून अस्तर नसतं, गुळगुळीत लेप असतो. खांद्यांना दीड-दोन मिलिमीटरचं मऊ रबर आणि मांड्यांना चार-पाच. हात सहज फिरतो, पण नखाची चंद्रकोर लागली तरी रबर चिरतं. डुबकीचा सूट आणखी निराळा. लांब पोहायचं असेल तर पोहण्याचाच सूट घ्यावा, याबद्दल माझ्या मनात शंका उरली नाही. किमती साधारण दीडशे पौंडांपासून सुरू होतात आणि पाचशेच्या वर जातात. महागड्या सुटांवर यामामोटो या जपानी कंपनीचं ३९ किंवा ४० नंबरचं निओप्रीन असल्याचं अभिमानानं छापलेलं असतं. ते खरंच जास्त ताणतं, आणि न बसणारा आराखडा सहन करायला थोडी मदत होते, एवढंच.

मला खरं तर निओप्रीन टाळायचंच होतं. ते ज्या क्लोरोप्रीनपासून बनतं त्याला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं २०१० साली बहुधा कर्करोगकारक ठरवलं, आणि लुइझियानातल्या कारखान्याशेजारी राहणाऱ्या लोकांनी त्या धुराविरुद्ध वर्षानुवर्षं लढा दिला आहे. नैसर्गिक रबराचे सूट निघाले आहेत. पण माझ्या उंचीला आणि घेराला बसेल असा पोहण्याचा सूट मला त्यात सापडला नाही. हे मला अजून खुपतं.

मग साइजचे तक्ते. काही कंपन्या छाती, कंबर, नितंब देतात. काही नुसती उंची आणि वजन. काही ब्रिटिश माप लिहितात, काही अमेरिकी. ब्रिटिश १० म्हणजे अमेरिकी ६, आणि युरोपात तेच ३८. कुठे एस, एम, एल, आणि त्यापुढे उंचांसाठी टी आणि बुटक्यांसाठी एस, म्हणजे एकच अक्षर दोन अर्थांनी. माझी छाती ८९ सेंटिमीटर, कंबर ७६, नितंब १०१. छातीनं मी १० मध्ये, नितंबांनी १४ मध्ये आणि उंचीनं मुलींच्या विभागात. उंची-वजनाच्या तक्त्यात तर माझा चौकोनच दोन मापांच्या मधल्या रेघेवर येत होता. एकाच वजनाच्या दोन बायका शेजारी उभ्या करा, एकीचं वजन खांद्यात असेल, दुसरीचं मांड्यांत. त्या आकड्याला यातलं काय कळणार?

त्या उन्हाळ्यात आई माझ्याकडे आली होती. तिनं चाळीसेक वर्षं गल्लीतल्या बायकांचे ब्लाउज शिवलेत. माझ्या खाटेवर पसरलेला तो काळा रबरी पोशाख तिनं उलटा केला, शिवणीवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "यांनी मापं कुठली घेतली?" मी छाती, कंबर, सीट सांगितली.

"अगं, एवढ्यावर ब्लाउज तरी बसतो का? मुंढा कुणी घ्यायचा? पाठीची उंची कुणी घ्यायची?"

मग तिनं टेप काढली आणि मला उभं केलं. तक्त्यांत नसलेली मापं तिनं घेतली. मानेच्या मणक्यापासून कमरेच्या वळणापर्यंत पाठीची उंची. काखेतून खांद्यावर फिरवून मुंढ्याचा घेर. दंडाचा सगळ्यात जाड भाग. मांडी आणि पोटरी. आणि मी सांगितल्यावरून आणखी एक, जे पोहण्याचे कपडे करणारे वापरतात: एका खांद्यावरून टेप पुढून खाली आणायची, दोन्ही पायांमधून न्यायची आणि पाठीवरून परत त्याच खांद्यावर आणायची. हा धडाचा फेरा. माझा १५० सेंटिमीटर भरला. सूट हा सगळ्या अंगाचा सलग पोशाख असल्यामुळे हे माप चुकलं तर बाकी काहीच जागेवर बसत नाही. फेरा कमी पडला तर सगळा ताण खांद्यांवर येतो. जास्त झाला तर पोटावर आणि पाठीत वळ्या पडतात.

"मुंढा खाली उतरला की हात वर करताना अख्खा ब्लाउज वर जातो," आई म्हणाली. पोहण्याच्या सुटाचं मर्म मला इतक्या नेमकेपणानं कुठल्याही माहितीपत्रकात वाचायला मिळालं नव्हतं. सुटाची काख माझ्या काखेत अगदी खेटून बसली पाहिजे. दोन बोटांची जरी जागा राहिली तरी दर हाताला सगळं धड वर ओढलं जातं, आणि खांदे दमतात ते त्यानंच.

ही मापं लिहिलेला कागद घेऊन मी दुकानात जाऊ लागले. मापं बघून एक-दोन ठिकाणी विक्रेते गोंधळले. एके ठिकाणी मात्र काउंटरवरची तरुण मुलगी मन लावून बसली. ती स्वतः ट्रायथलॉन, म्हणजे पोहणं, सायकल आणि धावणं अशी सलग शर्यत, करणारी होती. तिनं सूट चढवण्याची पद्धत नीट शिकवली. हातात सुती मोजे घालायचे. पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सुटात सरकवायचा. नखं लावायची नाहीत, बोटांच्या पेरांनी रबर चिमटीत धरून थोडं थोडं वर आणायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जांघेत शिवण पुरती टेकेपर्यंत हात घालायचेच नाहीत. घोट्यावर चार बोटं उघडी राहिली तरी चालतील, जांघेत पोकळी चालणार नाही. त्यानंतर बाह्या, मग रबराची घडी दंडावरून खांद्याकडे सरकवत आणायची, मग झिप. पहिल्यांदा हे सगळं करायला वीस मिनिटं लागतात आणि घाम फुटतो. ते साहजिक आहे.

सूट चढल्यावर ती मला हात डोक्यावर न्यायला सांगायची, उकिडवं बसायला सांगायची, खोल श्वास घ्यायला सांगायची. छाती पूर्ण फुगली पाहिजे. गार पाण्यात उतरल्यावर पहिलं मिनिटभर धाप लागतेच. त्यात सुटानंही छाती आवळली असेल तर घाबरायला होतं आणि ते धोक्याचं आहे. गळ्याशी सूट चिकटून असावा, पण एक बोट आत गेलं पाहिजे. मानेच्या रक्तवाहिन्यांवर दाब आला तर चक्कर येऊ शकते. मंगळसूत्र काढून ठेवायचं. बारीकशी साखळीसुद्धा गळ्याचा पट्टा उचलते आणि तिथून पाणी आत येतं. वेणी टोपीत खोचायची, नाहीतर मागच्या वेल्क्रोत केस अडकतात.

दुकानात कोरड्या अंगानं तपासणी इथपर्यंतच होते. पाण्यातली परीक्षा निराळी. इकडे काही तळ्यांवर सूट भाड्यानं मिळतात, अगदी सबंध मोसमासाठीसुद्धा, आणि पसंत पडला तर मोसमाअखेर कमी किमतीत विकत घेता येतो. ही सोय मला फार मोलाची वाटते, कारण पुढची गोष्ट मला पाण्यातच कळली.

ट्रायथलॉनचे सूट तरंगण्यासाठी बनवलेले असतात. नियमानं जास्तीत जास्त ५ मिलिमीटर जाडी चालते आणि कंपन्या ती मांड्यांवर आणि नितंबांवर भरून घेतात, कारण बहुतेक पुरुषांचे पाय पाण्यात बुडतात. माझे मुळातच बुडत नाहीत. मांड्यांतली चरबी तरंगते. अशा सुटात माझे पाय इतके वर आले की टाचा हवेत, कंबर खाली वाकलेली आणि मान वर ताणलेली. फ्रीस्टाइल कशीबशी जमली. ब्रेस्टस्ट्रोकला मात्र पायाचा झटका पाण्यात बसेचना. मी नदीत शिकलेली. लाट आली, दिशा पाहायची झाली, दम खायचा झाला की आपोआप ब्रेस्टस्ट्रोकवर येते. ते करता येत नसेल तर असा सूट माझ्या काय कामाचा? पाठीच्या खळग्याचं रहस्यही इथे उलगडलं: पाय असे वर उचलले गेले की कमरेचं वळण आणखी खोल होतं आणि पोकळी वाढते. सुटाचं तरंगणं आणि अंगाला बसणं एकमेकांत गुंतलेलं आहे, हे कोरड्या खोलीत कितीही वेळ उभं राहून कळलं नसतं.

मग मी पायांना पातळ रबर असलेले, ब्रेस्टस्ट्रोक पोहणाऱ्यांसाठी केलेले सूट मागवायला लागले. घरी आले की गार अंगाला, कोरडे, लेबल न काढता घालून बघायचे आणि परत पाठवायचे. हा काळ कंटाळवाणा होता, त्याबद्दल फार लिहीत नाही. शेवटी एक सूट खांद्यात, काखेत, छातीत आणि जांघेत अगदी चपखल बसला. बायकांचा, बुटक्या उंचीचा, मांड्यांना तीनच मिलिमीटर. पाय पाण्यात सपाट राहिले. राहिला तो पाठीचा खळगा. तिथे अजून हाताचा पंजा जाईल एवढी पोकळी होती.

मापानं शिवून घेतलेला सूटही मिळतो. किमती विचारल्या आणि तो विचार सोडला. आईला व्हिडिओ कॉलवर पाठ दाखवली. तोवर ती सांगलीला परतली होती. ती लगेच म्हणाली, "टक्स घाल की. कमरेला दोन्ही बाजूंना एक एक. ब्लाउजला पाठीला घालतात तसे."

निओप्रीनला टक्स घालणारे लोक असतात, हे मला शोधल्यावर कळलं. वेटसूट दुरुस्त करणारे कारागीर झिपच्या दोन्ही बाजूंना पाचरीसारखी फाक कापून काढतात, कडा एकमेकींना चिकटवतात आणि मग आतल्या बाजूनं अशी टीप घालतात की सुई रबराच्या पार जात नाही. पार गेली तर भोकांतून पाणी शिरेल. आईनं सांगितल्याप्रमाणे मी सूट घालून, मैत्रिणीकडून पोकळीची वरची आणि खालची टोकं खडूनं आखून घेतली, सर्वात खोल जागी किती कापड जास्तीचं आहे ते चिमटीत धरून मोजलं आणि पार्सल इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलला, अशा कारागिराकडे पाठवलं. पायाची लांबी मी स्वतः कापली. पोहण्याच्या सुटाचा घोट्याकडचा भाग धारदार कात्रीनं थोडा कापता येतो, उसवत नाही. कापायच्या आधी कंपनीचं पत्रक वाचून खात्री करून घेतली, तशी प्रत्येकीनं घ्यावी.

सूट परत आला तेव्हा पाठीवर दोन बारीक तिरक्या रेघा होत्या. तसाच पोर्टोबेलोला गेले. पहिल्यांदा मानेतून थोडं पाणी आत आलं, पाठीला टेकलं आणि तिथेच थांबलं. पन्नास हात, शंभर हात, नवं पाणी येईना. खांद्यांना सूट जाणवत नव्हता. मी काठाकाठानं तशीच पोहत गेले आणि वळायचं भान उशिरा आलं. जूनमध्ये विंडरमिअरचा एक मैल झाला. मधल्या बोयाला, म्हणजे वळण दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला, वळताना ब्रेस्टस्ट्रोकवर येऊन आजूबाजूच्या टेकड्या निवांत बघता आल्या.

सूट घेतल्यावर जपायचाही असतो. गळ्याला आणि काखेत घासू नये म्हणून व्हॅसलिन लावू नका, पेट्रोलियममुळे निओप्रीन खराब होतं. त्यासाठी वेगळ्या कांड्या मिळतात. दर वेळी गोड्या पाण्यानं धुवायचा, उलटा करून सावलीत वाळवायचा, बारीक हँगरला खांद्यांवर टांगायचा नाही, कमरेत दुमडून जाड दांडीवर टाकायचा. नखानं चीर पडली तर ताबडतोब निओप्रीनच्या डिंकानं बुजवायची. चीर वाढायला वेळ लागत नाही.

परवा पुण्याहून भाचीचा निरोप आला. ती तारकर्लीला स्कूबा शिकायला निघाली आहे आणि "मावशी, तिथे सूट देतात, मी काय बघू?" असं विचारत होती. मालवणच्या समुद्राचं पाणी इथल्यापेक्षा कितीतरी उबदार, त्यामुळे ३ मिलिमीटर पुरेसा, आणि थोडी पोकळी राहिली तरी तिला हुडहुडी भरणार नाही. पण दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आक्रसतात आणि सूट पातळ होतो. वर घट्ट असलेला सूट खाली थोडा सैल जाणवतो, आणि गळ्याशी आवळणारा मात्र वर असतानाच त्रास देतो. म्हणून तिला कळवलं: गळ्यात बोट घालून बघ, उकिडवी बस, खोल श्वास घे, हात डोक्यावर ने. दोन मापांत अडकलीस तर छाती मोकळी राहील ते घे. आणि निघण्याआधी फोन करून विचार, बायकांच्या मापाचे सूट त्यांच्याकडे आहेत का, आणि असतील तर कुठल्या कुठल्या मापाचे.